मागच्या टेबलावरची बाई

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' या चित्रपटात लालभडक भिंतींचं एक हॉटेल आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधलं 'एर्नीज'. नायक जेम्स स्टुअर्ट बारपाशी बसलाय. कॅमेरा त्याला तिथेच सोडतो, जेवायला बसलेल्या लोकांवरून फिरतो आणि नायिका किम नोव्हाकच्या पाठीकडे सरकत जातो. काळा पोशाख, हिरवी शाल. १९५८ सालापासून सगळं जग त्या हिरव्या शालीकडे बघत आलंय. पहिल्या दोन-तीन वेळा मीही तेच पाहिलं. मग एका पावसाळी रविवारी, घरात एकटीच असताना, मी तो प्रसंग थांबवून थांबवून फक्त जेवणाऱ्यांकडे बघत बसले. त्यांच्यातली एक बाई मला शोधायची होती. तिचं नाव बेस फ्लॉवर्स.

हॉलिवूडमध्ये तिला 'एक्स्ट्रांची राणी' म्हणायचे. १९२३ ते १९६४ अशी एक्केचाळीस वर्षं ती पडद्यावर होती. साडेतीनशेहून अधिक पूर्ण लांबीचे चित्रपट, शिवाय विनोदी लघुपट आणि टीव्हीच्या मालिका. त्यातल्या बहुतेक ठिकाणी श्रेयनामावलीत तिचं नाव नाही आणि तोंडी वाक्यही नाही. ती पार्टीला आलेली असते, नाटकाच्या प्रेक्षागृहात बसलेली असते, हॉटेलच्या लॉबीतून चाललेली असते. नायक-नायिकेचं भांडण, प्रेम, खून जे काही असेल ते पुढे चालू असतं, आणि मागे ही बाई शांतपणे आपला ग्लास टेबलावर ठेवत असते.

आपल्याकडे 'एक्स्ट्रा' हा शब्द तसा टाकूनच बोलला जातो. 'तो? तो एक्स्ट्रामध्ये असायचा.' वाक्य तिथेच संपतं, पुढे कुणी काही विचारत नाही. मीही कधी विचारलं नसतं. पण आमच्या घरात एक एक्स्ट्रा होती. एका दिवसापुरती. माझी आई.

मी मूळची वाईची. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, पलीकडे मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, आणि पाठीशी डोंगर. एवढं सगळं आयतं मिळत असल्यावर सिनेमावाले येणारच. पुढे 'स्वदेस'मुळे मेणवलीचा घाट देशभर दिसला, पण त्याच्या आधीपासून शूटिंगच्या गाड्या आमच्या ओळखीच्या होत्या. १९९०च्या दशकातली गोष्ट. मी शाळेत होते. घाटावर कुठलंतरी शूटिंग आलं आणि गर्दीसाठी गावातल्या बायका हव्यात असा निरोप गल्लीत फिरला. अट एकच, साडी आपापली. निरोप आणणाऱ्या माणसाने पुढे बजावलं, 'पांढरी नको, लाल नको, चमकणारी नको.' आई आणि शेजारच्या काकू संध्याकाळभर ट्रंका उघडून बसल्या होत्या. घरात जी साडी चांगली म्हणून जपलेली, ती नेमकी चमकणारी. शेवटी आईने अंजिरी रंगाची एक नारायणपेठ काढली, तिला रात्रीच इस्त्री केली आणि पहाटे सहाला घाटावर हजर झाली.

दिवसभरात तिने काय केलं? घाटाच्या पायऱ्या उतरली. हातात पूजेचं तबक, बरोबर काकू. अकरा वेळा उतरली आणि अकरा वेळा परत वर चढली. घरी आली तेव्हा तिचे गुडघे सुजले होते. ठरलेल्या पैशातले निम्मेच हातात पडले होते आणि ज्याने निरोप आणला होता तो माणूस दुसऱ्या दिवशी कुणाला सापडला नाही. पण आई रागावलेली नव्हती. ती दमली होती आणि तिला काहीतरी सांगायचं होतं. ती म्हणाली, 'अगं, नुसतं चालायचं म्हणजे फार अवघड असतं गं. बघू नका, बघू नका म्हणून ओरडतात. आणि समोर एवढा मोठा हिरो उभा असतो.'

हे वाक्य माझ्या डोक्यात तेव्हा कुठेतरी जाऊन बसलं असावं. वीस-पंचवीस वर्षांनी बेस फ्लॉवर्सबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळ्यांत आधी मला तेच आठवलं.

बेसचा जन्म २३ नोव्हेंबर १८९८चा, टेक्सासमधल्या शर्मन गावचा. हॉलिवूडमध्ये ती आली तेव्हा चित्रपट मुके होते आणि तिथली परिस्थिती भयंकर होती. अमेरिकेच्या गावागावांतून पोरी आणि पोरं आगगाडीत बसून लॉस एंजेलिसला उतरत होती. स्टुडिओच्या फाटकाबाहेर पहाटेपासून रांगा लागायच्या. काम मिळवून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्या एजन्सींचा सुळसुळाट झाला होता. शेवटी हॉलिवूडच्या व्यापारी मंडळाला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली की सिनेमात शिरायला इकडे येऊ नका. तळापासून सुरुवात केलेल्या एक लाख लोकांपैकी फक्त पाच वर पोचले, असं त्या जाहिरातीत ठळक छापलं होतं. स्वतःच्याच धंद्याबद्दल लोकांना 'येऊ नका' म्हणून सांगणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

योगायोग असा की बेसचा पहिला चित्रपट याच विषयावर होता आणि त्याचं नावच 'हॉलिवूड' होतं. सिनेनटी व्हायला आलेल्या एका मुलीला काम मिळत नाही, ते मिळतं तिच्या घरच्यांना, अशी त्याची गोष्ट. १९२३ सालचा हा चित्रपट आज उपलब्ध नाही, त्याची प्रत नष्ट झाली. म्हणजे बेसचं पडद्यावरचं पहिलं पाऊल आता कुणालाच बघता येणार नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

फाटकाबाहेरचा तो गोंधळ आवरायला सगळ्या स्टुडिओंनी मिळून १९२५ साली 'सेंट्रल कास्टिंग' नावाचं एकच कार्यालय काढलं. एक्स्ट्रांची नावं, उंची, वय, कोण घोड्यावर बसतो, कुणाकडे संध्याकाळचे कपडे आहेत, या सगळ्याची तिथे नोंद. कमिशन नाही. एजन्सींची लूट थांबली, पण वाट बघणं थांबलं नाही. फक्त ते फाटकावरून टेलिफोनवर गेलं. रोज फोन करायचा, नाव सांगायचं. पलीकडची मुलगी म्हणणार, 'काम नाही, नंतर करून बघा.' थोड्या वेळाने पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. हजारो माणसांचं आयुष्य त्या एका वाक्याभोवती फिरत होतं. आणि ज्यांना हे उत्तर सहसा ऐकावं लागत नसे अशी जी मोजकी माणसं होती, त्यांत बेस फ्लॉवर्स होती.

का? तर तिच्याकडे कपडे होते.

हे ऐकायला फार साधं वाटतं, पण तिच्या सगळ्या कारकिर्दीचा पाया तोच आहे. एक्स्ट्रांमध्येही प्रती असतात. चिंध्या घालून दंगलीत पळणारा वेगळा, त्याला कपडे स्टुडिओ देतो. आणि 'ड्रेस एक्स्ट्रा' वेगळा. हा स्वतःचा टेलकोट किंवा स्वतःचा गाऊन घालून येतो, तो कसा वागवायचा हे त्याला ठाऊक असतं, आणि म्हणून त्याला दरही वरचा मिळतो. पुरुषांचं त्या मानाने बरं होतं. काळा सूट वर्षानुवर्षं चालतो. मेजर सॅम हॅरिस म्हणून पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते, त्यांनी बहुधा सगळी कारकीर्द संध्याकाळच्या काळ्या पोशाखातच काढली. बाईचं तसं नाही. १९२०च्या दशकात झगे गुडघ्याला भिडले, १९३०च्या दशकात संध्याकाळचा गाऊन पुन्हा जमिनीपर्यंत आला, युद्धात कापड कमी पडलं म्हणून सगळं आटोपशीर झालं, आणि १९४७ साली पॅरिसमध्ये फॅशनकार दिऑरने घेरदार लांब स्कर्ट आणले तेव्हा आदल्या वर्षीचं कपाट एका रात्रीत जुनं झालं. प्रत्येक वळणावर ड्रेस एक्स्ट्राने आपल्या खिशातून नवं कपाट उभं करायचं. फर, हातमोजे, टोप्या, पर्स, सकाळच्या चहाचे कपडे वेगळे, ऑपेराचे वेगळे. सुताराची हत्यारं असतात तशी ही तिची हत्यारं. ती परजत राहायची आणि जपायची.

आईची अंजिरी नारायणपेठ मला इथे आठवते. तिची इस्त्री, तिचं घडी घालून ठेवणं. 'आपापली साडी' या दोन शब्दांत निर्मात्याने किती खर्च आमच्या गल्लीवर ढकलला होता, हे मला फार उशिरा कळलं.

पण कपडे सगळेच विकत घेऊ शकतात. वावर विकत मिळत नाही. बेस पावणेसहा फुटांच्या आसपास उंच. तिच्या चालण्यात घाई नसायची. ती खोलीत शिरली की ती खोली श्रीमंत वाटायला लागायची, आणि तरीही नजर तिच्यावर खिळून राहायची नाही. या दोन गोष्टी एकत्र साधणं फार कठीण आहे. उंच आणि देखणी बाई आली की लोक बघतातच. त्यांनी बघावं आणि लगेच नायिकेकडे वळावं, हे कसं जमवायचं?

थोडंसं कळावं म्हणून मी बरंच वाचलं आणि त्याहून जास्त पाहिलं. बोलपट आल्यावर मागच्या माणसांना आवाज करायची बंदी झाली. पुढचे दोघे बोलत असताना मागची अख्खी पार्टी मुक्याने चालते. ओठ हलवायचे, हसायचं, पण घशातून आवाज काढायचा नाही. टाळ्या वाजवायच्या, पण तळहात एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. नाचायचं, पण संगीत बंद, कारण ते नंतर भरायचं असतं. गर्दीची कुजबुज वेगळी ध्वनिमुद्रित करतात. अमेरिकन लोक त्या कुजबुजीला 'वाला' म्हणतात, कारण दुरून ती वाला-वाला-वाला अशीच ऐकू येते. म्हणजे पडद्यावर आपल्याला जो समारंभ ऐकू येतो, तो घडताना स्मशानशांततेत घडलेला असतो. शिवाय दिव्यांचा ताप. ग्लासात मद्य नसून रंगीत पाणी किंवा थंड चहा. आणि प्रत्येक टेकला तेच, तसंच आणि त्याच क्षणाला. नायकाने दार उघडलं की तू खुर्चीवरून उठ, तिसऱ्या पावलाला त्या गृहस्थाकडे बघून हस. पहिल्या टेकला डाव्या हातात पर्स असेल तर अकराव्या टेकलाही डाव्याच हातात. एवढं सगळं सांभाळून पुन्हा चेहऱ्यावर असं काही दिसता कामा नये की ही बाई पावलं मोजतेय.

याला मी अभिनय म्हणते. कुणी म्हणत नसेल तर त्याने एकदा पूजेचं तबक घेऊन घाट उतरून बघावा.

'रिअर विंडो'मधली बेस मला सगळ्यांत आवडते. १९५४चा चित्रपट. हिचकॉकने पॅरामाउंटच्या स्टुडिओत अख्खा चौक बांधला होता, एकतीस बिऱ्हाडांचा. कॅमेरा जवळपास पूर्णवेळ नायकाच्या खोलीत, आणि समोरच्यांची आयुष्यं आपण खिडक्यांमधून बघायची. त्यातल्या एका खिडकीत गीतकार राहतो. त्याच्याकडे पार्टी असते, आणि पूडल जातीचं कुत्रं घेऊन आलेली एक पाहुणी असते. ती बेस. अंगणाच्या पलीकडून, काचेच्या चौकटीतून, एवढीशी दिसते. चेहऱ्यावरचं काहीच कळत नाही. तिथे फक्त देहबोली पोचते, आणि ती पोचते. ही बाई अशा घरांमध्ये नेहमी येते-जाते, कुत्र्यासकट येते आणि तिला कुणी काही म्हणत नाही, एवढं सगळं दोन-चार सेकंदांत कळतं.

मग एक गोष्ट लक्षात येऊ लागते. न्यूयॉर्कच्या खिडकीतली पाहुणी तीच, सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलातली तीच. १९३०चं दशक घ्या की १९५०चं, शहर कुठलंही असो, उच्चभ्रू लोक जमले की ही तिथे आहेच. बरोबर मेजर हॅरिस आहेत, आणखी आठ-दहा ओळखीचे चेहरे आहेत. हॉलिवूडने जगाला दाखवलेला 'वरचा समाज' म्हणजे प्रत्यक्षात रोजंदारीवर काम करणारी ही काही डझन माणसं होती. खऱ्या धनिकांची दिवाणखान्यातली चाल कशी असते हे जगातल्या फार थोड्या लोकांनी पाहिलंय. पण टेक्सासच्या शर्मन गावच्या बेस फ्लॉवर्सची चाल कोट्यवधींनी पाहिली, आणि श्रीमंत बाई अशी चालते हे त्यांनी तिच्याकडून शिकून घेतलं.

कधी कधी तिला बोलायलाही मिळायचं. लॉरेल-हार्डीच्या १९२८च्या 'वी फॉ डाउन'मध्ये ती चक्क लॉरेलची बायको आहे, अर्थात तो मूकपट. 'थ्री स्टूजेस' या विनोदी त्रिकुटाच्या लघुपटांतही ती दिसते. पण मला जे वाक्य लक्षात राहिलंय ते 'ऑल अबाउट ईव्ह'मधलं. १९५०चा हा चित्रपट नाटकवाल्यांचाच. कुणाच्या तरी सावलीत उभी राहून तिचीच जागा बळकावणाऱ्या मुलीची गोष्ट. ईव्हला पुरस्कार मिळतो, लोक तिच्याभोवती गोळा होतात, आणि त्या घोळक्यातली एक बाई तिला म्हणते की तुझ्यासाठी मला फार आनंद झालाय. ती बेस. सत्तावीस वर्षं मागे उभी राहिलेली बाई, आणि तिच्या तोंडी दुसऱ्याच्या यशाचं अभिनंदन. ती ते अगदी मनापासून म्हणते. त्यात कुठेही खोच नाही. मी त्या जागी खोच शोधत होते हे माझ्या लक्षात आलं आणि मला माझंच आश्चर्य वाटलं.

त्याच चित्रपटात मेरिलिन मनरो आहे, लहानशा भूमिकेत. तिला वर जायचंय आणि ती जाणार आहे, हे आपल्याला आज माहीत असल्यामुळे आपण तिच्याकडे बघतो. आणि त्याच चित्रपटात गर्दीमध्ये फ्रँक्लिन फार्नम आहे. मूकपटांच्या काळात तो वेस्टर्न चित्रपटांचा नायक होता, घोडा, पिस्तूल, सगळं. बोलपट आले, वय झालं, आणि तो एक्स्ट्रांमध्ये येऊन उभा राहिला. एकाच सेटवर वर जाणारी एक, वरून खाली आलेला एक, आणि मधोमध बेस, जी ना वर गेली ना खाली आली. ती जिथे होती तिथे पक्की उभी होती.

म्हणूनच तिच्याबद्दल लिहिताना लोक 'बिचारी' असा सूर लावतात तेव्हा मला राग येतो. 'चार दशकं झिजली पण स्टार झाली नाही' वगैरे. स्टार व्हायचं हे एकच माप हातात घेऊन बसलं की बाकी सगळी आयुष्यं आखूडच निघणार. तिचं लग्न एका सहायक दिग्दर्शकाशी झालं होतं, मुलगी झाली, ते लग्न टिकलं नाही. दुसरंही मोडलं. मंदीची वर्षं आली, अमेरिकेत लाखो लोकांच्या चुली विझल्या. त्या काळात जिचा फोन वाजत राहिला अशी ही बाई आहे. वयाच्या पासष्टीपर्यंत तिला काम होतं, तेही अशा धंद्यात जिथे नायिकेला चाळिशीत आईच्या भूमिका द्यायचे. म्हातारपण तिला कामातून उठवू शकलं नाही, कारण पार्टीला वयस्कर, देखण्या बायका लागतातच.

श्रेयनामावलीत नाव नसणं हेही त्या काळात आजच्याइतकं टोचणारं नव्हतं. तेव्हा नावं चित्रपटाच्या सुरुवातीला यायची आणि मिनिटा-दोन मिनिटांत संपायची. दोन-चार वाक्यं बोलणाऱ्या नटांनाही त्यात जागा नसायची. बेसने काम केलेल्या पाच चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. 'इट हॅपन्ड वन नाइट', 'यू कान्ट टेक इट विथ यू', 'ऑल अबाउट ईव्ह', 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ' आणि 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'. पाचांतही तिचं नाव नाही. त्याच पारितोषिकाचं नामांकन मिळालेले चित्रपट धरले तर आकडा तेवीसवर जातो. ही मोजदाद स्टुडिओंनी केलेली नाही. व्हिडिओ कॅसेट आणि मग डीव्हीडी आल्यावर जगभरच्या सिनेवेड्यांनी एकेक चौकट थांबवून तिला हुडकलं आणि एकमेकांना कळवलं, 'इथेही आहे.' तिचं नाव तिच्या चित्रपटांना मागाहून असं जोडलं गेलं.

आणि एक गोष्ट तिने मागे न राहता केली. १९३३ साली नटांची संघटना झाली, पण तिच्यात एक्स्ट्रांचं स्थान दुय्यम होतं. बोलणाऱ्या नटांचे आणि न बोलणाऱ्यांचे प्रश्न वेगळे. दिवसभर वाट बघायला लावून शेवटी काम झालं नाही तर पैसे द्यायचे की नाही? स्वतःचा गाऊन सेटवर फाटला तर भरपाई कोण देणार? असले प्रश्न चौथ्या रांगेतल्यालाच पडतात. १९४५ साली एक्स्ट्रांनी स्वतःची वेगळी संघटना काढली, 'स्क्रीन एक्स्ट्राज गिल्ड'. ती उभी करणाऱ्यांत बेस फ्लॉवर्स होती. पहिल्या उपाध्यक्षांपैकी ती एक, आणि बैठकांची इतिवृत्तं लिहिणारी सचिवही. फ्रँक्लिन फार्नम पुढे त्याच संघटनेचा अध्यक्ष झाला. पडद्यावर जिला वाक्य मिळत नव्हतं ती बाई बैठकीत कोण काय म्हणालं ते सगळं लिहून ठेवत होती. पुढे १९९२ साली ही संघटना बंद पडली आणि एक्स्ट्रांचा कारभार नटांच्या मोठ्या संघटनेकडे गेला.

आमच्या घाटावर त्या दिवशी असं कुणी असतं तर, असं मला सारखं वाटतं. अर्धे पैसे बुडालेल्या तीस-चाळीस बायका होत्या. त्यांतल्या एकीनेही कागदावर काही लिहून घेतलं नव्हतं.

२०२३ साली हॉलिवूडचे नट संपावर गेले, १४ जुलै ते ९ नोव्हेंबर, ११८ दिवस. मोठ्या नटांच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या, पण त्या संपातला एक तिढा थेट बेसच्या वारसांचा होता. एक्स्ट्राला एकदा सेटवर बोलवायचं, चारी बाजूंनी त्याचं स्कॅनिंग करायचं, आणि मग संगणकावर त्याची प्रतिमा गर्दीत हवी तितक्या वेळा वापरायची. एका दिवसाचा पगार देऊन ती कायमची वापरायचा निर्मात्यांचा प्रस्ताव आहे, असा आरोप संघटनेने केला. निर्मात्यांनी तो नाकारला. शेवटच्या करारात एवढं आलं की अशा वापरासाठी संमती घ्यावी लागेल आणि मोबदला द्यावा लागेल.

मोठ्या गर्दीसाठी खऱ्या माणसांना पर्याय शोधणं काही नवीन नाही. 'गॉन विथ द विंड'मध्ये अटलांटाच्या स्टेशनाबाहेर जखमी सैनिक पसरलेले दिसतात, त्यांत जिवंत एक्स्ट्रांच्या मधे पुतळे घातले होते. याच्या उलट टोकाला 'गांधी'. ३१ जानेवारी १९८१ला दिल्लीत अंत्ययात्रेचं चित्रीकरण झालं तेव्हा तीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती. तो समुद्रच. समुद्र कदाचित संगणक करू शकेल. मला काळजी आहे ती मागच्या टेबलावरच्या बाईची. ग्लास खाली ठेवताना ती क्षणभर थांबते, समोरच्याचं बोलणं ऐकल्यासारखं करते, आणि त्या क्षणभरामुळे आपल्याला नकळत पटतं की या हॉटेलात खरोखर रात्र झालेली आहे. तो थांबा कुणी शिकवलेला नसतो. एक्केचाळीस वर्षं रोज कुणाच्या तरी पार्टीला गेल्यावर तो अंगात येतो.

बेसचा शेवटचा चित्रपट १९६४चा, 'गुड नेबर सॅम'. त्यानंतर ती वीस वर्षं जगली. २८ जुलै १९८४ला वुडलँड हिल्सला ती गेली, वयाच्या ८५व्या वर्षी.

गेल्या दिवाळीत आई माझ्याकडे राहायला आली होती. आता तिच्याने फार चालवत नाही. दुपारी दोघीच घरी होतो म्हणून मी लॅपटॉप आणला आणि तिला बेसची गोष्ट सांगत सांगत तुकडे दाखवायला लागले. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, पण इथे कळायला संवाद नव्हतेच. मी नेहमीसारखी थांबवत होते, बोट ठेवून दाखवत होते, 'ही बघ. आणि इथे, ही बघ.' आई चष्मा पुढे ओढून बघत होती. पहिल्यांदा ती कपड्यांबद्दल बोलली. मग हातमोज्यांबद्दल. मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

घाटावरचा तो चित्रपट वाईच्या टॉकीजला लागला होता तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. पायऱ्यांचा प्रसंग आला आणि गेला. आईचा खांदा आणि अंजिरी काठ, तेवढंच दिसलं, तेही हिरोच्या कानामागून. बाबांना दिसलंच नाही. मी अंधारात तिचा हात धरला होता, कारण मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल. ती माझ्या कानाशी म्हणाली होती, 'मी बघितलं नाही हं वळून. एकदाही नाही.'

'ऑल अबाउट ईव्ह'चा तुकडा लागला तेव्हा मी पुन्हा बेसच्या चेहऱ्यावर थांबवलं. आईने माझा हात बाजूला केला.

'थांबवू नकोस गं सारखं,' ती म्हणाली. 'थांबवलंस की ती नुसती उभी राहिलेली दिसते. चालू दे. कशी चालते ते बघू दे मला.'

मी मागे नेलं आणि सुरू केलं.